सांबाचं रिंगण आणि बाहेरून आलेला कॅमेरा

पिंपळपार

साल्गादो गेले तेव्हा (मे २०२५) इथल्या श्रद्धांजलीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "ब्राझीलमध्ये साल्गादोशिवाय कुणी फोटोग्राफर आहेत की नाहीत?" तेव्हा घाईत चार नावं टाकली आणि सविस्तर लिहायचं राहून गेलं. आज सवड आहे. सगळी ब्राझिलियन फोटोग्राफी काही मला आवाक्यात घेता यायची नाही. ज्यात गोडी आहे तेवढंच घेतो: आफ्रिकी वंशाच्या ब्राझिलियन लोकांचे फोटो, त्यातही सांबाच्या (म्हणजे तिथल्या ढोलाच्या ठेक्यावरच्या नाचगाण्याच्या) अवतीभवती वाढलेल्या माणसांचे. ते कोणी काढले, कोणाला विकले, आणि समोरच्या माणसाला त्यात काही बोलायला वाव होता का?

आधी थोडा हिशोब. अटलांटिक ओलांडून गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४८ लाख एकट्या ब्राझीलमध्ये उतरवले गेले. दुसऱ्या कुठल्याही देशात इतके नाहीत. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ला, अख्ख्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. आणि कॅमेरा रिओला पोचला १८४०मध्ये. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक कॅमेराही होता आणि गुलामही होते.

त्या काळातला क्रिस्तियानो ज्युनिअर हा मूळचा अझोर्स बेटांवरचा पोर्तुगीज. १८६०च्या दशकात रिओत त्याचा स्टुडिओ होता. तेव्हा 'कार्त द व्हिझित'ची चलती होती: व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो, पुठ्ठ्यावर डकवलेला, स्वस्त, पत्रातून पाठवता येणारा. पैसेवाले स्वतःचे काढून घ्यायचे. क्रिस्तियानोने गुलामांचे काढले. टोपल्या विणणारा, फळं विकणारी, डोक्यावर ओझं घेतलेला. मागे सपाट पडदा, बाजारातला माणूस उचलून आणून तिथे उभा केलेला. १८६६च्या 'आल्मानाक लेमेर्त' या व्यापारी निर्देशिकेत त्याने जाहिरात दिली होती. तिचा मतलब असा की काळ्या लोकांच्या चालीरीती आणि नमुन्यांचा विविध संग्रह मिळेल, युरोपला परतणाऱ्यांनी न्यायला अगदी योग्य चीज. थोडक्यात, सुव्हेनिर.

ही कार्डं बघाल तेव्हा पायांकडे बघा. गुलामांनी अनवाणी राहायचं हा तिथला दंडक. पायात जोडा म्हणजे माणूस मोकळा. कपडे कितीही बरे घातलेले असोत, तळाशी उघडी पावलं दिसली की कळतं.

आता त्याच मापाचं, त्याच पुठ्ठ्याचं दुसरं कार्ड घ्या. साओ पावलोमध्ये मिलितांव आउगुस्तो दि आझेवेदो नावाचा फोटोग्राफर होता. दर परवडणारे, त्यामुळे गिऱ्हाईक सगळ्या थरांतलं. त्याच्या स्टुडिओत मोकळे काळे लोक स्वतःच्या पैशाने येत, कोट-टोपी घालून, छत्री घेऊन, बायकोला शेजारी उभी करून. त्याच्याकडच्या हजारो पोर्ट्रेट्समध्ये हे लोक बाकीच्या गिऱ्हाइकांच्या रांगेतच आहेत, वेगळ्या 'नमुना' कप्प्यात नाहीत. तंत्र तेच, पडदाही तसाच. फरक एवढाच की पैसे कॅमेऱ्यासमोरच्याने दिलेत.

आता सांबा. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या बाहिया प्रांतातून कामधंद्यासाठी निघालेले लोक रिओच्या बंदराजवळ येऊन वसले. त्या वस्तीला पुढे 'छोटी आफ्रिका' म्हणू लागले. तिथे बाहियाकडच्या बायकांचा मोठा दरारा. त्यांतली सगळ्यात नामांकित तिया सियाता, आपण सियातामावशी म्हणू. जन्म १८५४, बाहियातल्या सांतो आमारोचा. पांढरा घेरदार पोशाख करून रस्त्यावर मिठाई विकायची, आणि घरी ओरिशांची (आफ्रिकेतून आलेल्या देवांची) सेवा. प्रासा ओंझे चौकाजवळच्या तिच्या घराचं वर्णन सगळीकडे सारखंच सापडतं: पुढच्या खोलीत प्रतिष्ठितांना चालेल असं शोरो संगीत, मागच्या बाजूला सांबा, आणि त्याच्याही आत देवकार्य. पोलिसांचा जाच होताच. जुआंव दा बायाना नावाच्या वादकाचा पांदेरो (खंजिरीच्या जातीचं वाद्य) पोलिसांनी हिसकावला, तेव्हा पिन्येरो माशादो या सिनेटरने त्याला नवा पांदेरो दिला, वर आपलं नाव कोरून. मग कोण हात लावतोय!

याच घरात घोळलेलं एक गाणं डोंगा नावाच्या संगीतकाराने नोव्हेंबर १९१६मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच्या नावावर नोंदवलं. १९१७च्या कार्निव्हलला ते गाजलं, आणि ते नक्की कोणाचं यावरून सगळ्यांची जुंपली. त्या घरी येणाऱ्यांत एक पोरगेला बासरीवाला होता, पिशिंगिन्या.

आता थेट १९६७. पिशिंगिन्या सत्तरीचा झालेला. 'मांशेते' साप्ताहिकाचा फोटोग्राफर वाल्तेर फिर्मो त्याच्या घरी गेला. फिर्मो स्वतः कृष्णवर्णीय, रिओचाच, जन्म १९३७. घरात एक झुलती खुर्ची दिसली. ती त्याने परसात आंब्याखाली नेऊन ठेवायला लावली आणि म्हाताऱ्याला तीत बसवलं. मांडीवर सॅक्सोफोन, आजूबाजूला परसातला पालापाचोळा. पुढे ब्राझीलमध्ये पिशिंगिन्या म्हटलं की लोकांना हाच फोटो आठवायला लागला. त्यात वादन नाही, मैफल नाही, टाळ्या नाहीत. आपल्या घरी आपल्या खुर्चीत बसलेला एक बुजुर्ग आहे. क्रिस्तियानोच्या कार्डापासून इथपर्यंत यायला शंभर वर्षं लागली.

फिर्मोने पुढे क्लेमेंतिना दि जेझुस, कार्तोला वगैरे सांबातली बडी मंडळी अशीच टिपली. क्लेमेंतिनाने वीसेक वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी केली आणि साठी उलटल्यावर ती रंगमंचावर आली. कार्तोला म्हणजे मांगेरा या सांबा शाळेच्या (शाळा म्हणजे कार्निव्हलची मिरवणूक काढणारं मंडळ) संस्थापकांपैकी एक, पण मधल्या काळात इपानेमात गाड्या धूत होता. फिर्मोच्या फोटोंत ही माणसं राजाराणीसारखी बसलेली दिसतात.

व्हेर्जे आणि मेदेरोस हे दोन फोटोग्राफर मुद्दाम बाजूला ठेवलेत, नाहीतर धागा मारुतीच्या शेपटासारखा वाढेल. कुणी विचारलं तर लिहीन.


अंधारखोली

सवडीने वाचला. व्हेर्जेची भर मी घालतो.

पिएर व्हेर्जे, जन्म पॅरिस १९०२, सुखवस्तू घरातला. आई गेल्यावर १९३२पासून कॅमेरा घेऊन जग हिंडत राहिला. १९४६मध्ये बाहियाच्या साल्वादोर शहरात उतरला आणि तिथलाच झाला, १९९६मध्ये गेलाही तिथेच. मागे साठ हजारांवर निगेटिव्ह. बंदरातले हमाल, मासळीवाले, कापोएरा (नाचासारखी लढत) खेळणारे, भर दुपारी हातगाडीवर झोपलेला माणूस.

मला त्याच्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचंय. रोलायफ्लेक्स. ज्यांनी वापरलाय त्यांना ठाऊक आहे, हा पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. तुम्ही समोरच्याकडे डोळा रोखून बघतच नाही. शटरचा आवाजही नगण्य. आणि लेन्स कमरेच्या उंचीवर असल्यामुळे माणूस किंचित खालून दिसतो, उभट, भारदस्त. व्हेर्जेच्या फोटोतले हमाल पुतळ्यासारखे का वाटतात त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं, त्याला माणसं आवडायची.

दुसरा मुद्दा एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा याचा. बाहियाच्या बायकांचा पोशाख पांढराशुभ्र, लेसचा, स्टार्च केलेला. चेहरा काळा. वर विषुववृत्ताकडचं ऊन. उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर राहिलात तर तो पांढरं कापड बघून एक्स्पोजर कमी करतो आणि चेहरा नुसता डाग होतो. चेहऱ्यावर मीटर करा, कापड थोडं जळू द्या, किंवा सावलीत घ्या. व्हेर्जे आणि फिर्मो दोघांचेही चेहरे वाचता येतात. हे नशिबाने होत नाही. त्यातून रंगीत फिल्मच्या लॅबमध्ये रंग जुळवायचे ते गोऱ्या मॉडेलच्या कार्डावरून, त्यामुळे काळ्या कातडीचे रंग वर्षानुवर्षं मातकट येत. फिर्मोचे रंग बघताना हे लक्षात ठेवा.


सांजवात

काय सुरेख धागा! वाचनखूण साठवली.


शंकेखोर

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट खटकली. क्रिस्तियानोने माणसाला पडद्यासमोर उभं केलं ते वाईट, आणि फिर्मोने खुर्ची उचलून झाडाखाली नेली ते थोर? मांडणी दोघांचीही. उलट फिर्मो तर साप्ताहिकाचा बातमीदार फोटोग्राफर. बातमीच्या फोटोत सामान हलवायचं नसतं हा प्राथमिक नियम आहे. काळ्या माणसाने केली म्हणून मांडणी पवित्र होते का?


पिंपळपार

@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. मांडणी वाईट असं मी कुठेच म्हटलं नाही. मिलितांवचे फोटो तर शंभर टक्के मांडणीचे. प्रश्न आहे की मांडणीत समोरच्याची राजीखुशी होती का आणि फोटोतून त्याचं काय उरतं. क्रिस्तियानोच्या कार्डावरून तुम्हाला कळतं 'टोपलीवाला'. फिर्मोच्या फोटोतून कळतो पिशिंगिन्या. एकात धंदा उरतो, दुसऱ्यात माणूस.

आणि फिर्मो हे लपवत नाही. क्षण पकडण्यापेक्षा चित्र रचणारा माणूस आहे तो. त्यामागे कारणही आहे. १९६७च्या सुमाराला तो 'मांशेते'साठी न्यू यॉर्कला होता. त्याला तिथे का पाठवलं अशी कुरकुर करणारा संदेश एका सहकाऱ्याने धाडला आणि त्यात त्याचा वर्णही काढला. तेव्हा अमेरिकेत काळ्यांची चळवळ ऐन भरात होती. फिर्मोने केस वाढवले आणि ठरवलं की यापुढे आपल्या लोकांना दैन्यात दाखवायचं नाही. तुम्ही याला प्रचार म्हणू शकता. पण समोर शंभर वर्षांचा उलटा प्रचार होता, हेही धरा.


उंबरठ्याबाहेर

मला एका वेगळ्या फोटोबद्दल लिहायचंय, १८६०च्या आसपासचा, रेसिफे शहरातला, जुआंव फेरेरा व्हिलेला याने काढलेला. एक गोरा मुलगा आणि त्याला अंगावर पाजलेली दाई. मुलाचं नाव आर्तुर गोमिस लियाल, तिचं नाव मोनिका. तिचा पोशाख उंची, खांद्यावर शाल. मालकांची ऐपत दिसावी म्हणून नटवलेली आहे. मुलगा तिच्या खांद्यावर रेलून दोन्ही हातांनी तिचा दंड धरून उभा आहे. त्या वेळी एक्स्पोजर काही सेकंदांचा असे, मुलं हलायची, म्हणून कुणाचा तरी आधार लागायचा. पण तो ज्या तऱ्हेने बिलगलाय तो नुसता आधार नाही. आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. तिच्या स्वतःच्या लेकराचं काय झालं, त्याचं दूध कुणाला मिळालं, हा प्रश्न त्या नजरेपुढे टाळता येत नाही.

हे आठवलं कारण सांबाच्या फोटोंत बायकांचं काय होतं ते बघा. तिथल्या विचारवंत लेलिया गोंझालेस यांनी १९८०च्या दशकात यावर सडेतोड लिहिलंय. कार्निव्हलच्या दिवसांत काळी बाई राणी, सगळे कॅमेरे तिच्यावर. कार्निव्हल संपला की तीच बाई मोलकरीण, मागच्या दाराने ये-जा करणारी. आणि या दोन्हींची मुळं त्या दाईपर्यंत जातात. पर्यटनाच्या जाहिरातींत कोणती छापली जाते हे सांगायला नको. पिसं लावलेली तरुण मुलगी. सियातामावशीच्या वयाच्या बायका कुठे दिसत नाहीत.

खरं तर त्या असतात. प्रत्येक सांबा शाळेच्या मिरवणुकीत 'बायानां'चा एक ताफा लागतोच, नियमच आहे, त्या जुन्या मावश्यांच्या मानाखातर. बहुतेक साठीच्या पुढच्या, घेरदार झग्यांत गोल गिरक्या घेत चालतात. पहिल्या काळात या ताफ्यांत झगे घातलेले पुरुषही असत आणि मारामारी झालीच तर असावा म्हणून वस्तरा लपवलेला असे, असं सांगतात.


ढोलकीबाज

वस्तरा!! आमच्या पथकातल्या ढोल घेऊन भांडणाऱ्यांना दाखवतो हा प्रतिसाद.

जरा वाद्यांकडे येऊ. आपण ज्याला सांबा म्हणतो तो रिओचा, शहरी. त्याचं मूळ घराणं बाहियाच्या खाडीभोवतालच्या रेकोंकावो भागात, ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांत. तिथला तो 'सांबा दि रोदा', म्हणजे रिंगणातला सांबा. युनेस्कोने २००५मध्ये त्याला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून घोषित केलं.

सगळे गोल उभे राहतात, टाळ्या धरतात. मध्ये एका वेळी एकच. त्यातला 'शुला' प्रकार तर फार कडक शिस्तीचा. गाणारे गात असतात तोवर कुणी नाचायचं नाही. गाणं थांबून नुसती वाद्यं उरली की एक बाई आत येते. पावलं जमिनीवरून जेमतेम सरकतात, खांदे स्थिर, कमरेखालीच काय ते चालू. वाद्यांपुढे जाऊन ती हजेरी लावते, रिंगण फिरते, मग दुसरीला पोटाने हलका धक्का देऊन बोलावते आणि आपण बाहेर पडते.

वाद्यांत माझं लाडकं म्हणजे ताटली आणि सुरी. खरीखुरी, स्वयंपाकघरातली. डाव्या तळहातावर ताटली, उजव्या हातातली सुरी तिच्या कडेवरून खरवडायची, पुढे-मागे. चर्र-चक-चक असा काहीसा आवाज निघतो आणि तो सगळ्या ढोलांच्या वर ऐकू येतो. सांतो आमारोच्या एदित दु प्रातो बाई यात उस्ताद होत्या. मी घरी स्टीलच्या ताटलीवर प्रयत्न केला, तर बायकोने ताटली काढून घेतली. चिनी मातीचीच लागते.

रिओतही टाकाऊतूनच सगळं आलं. १९२८मध्ये एस्तासिओ वस्तीत 'देशा फालार' ही पहिली मानली जाणारी सांबा शाळा निघाली. इज्माएल सिल्वा, बिदे वगैरे मंडळी. चालत्या मिरवणुकीला ठेका धरणारं काही हवं होतं, म्हणून बिदेने लोण्याच्या मोठ्या डब्याला तोंड मढवून सुर्दो केला, अशी कथा आहे. आज तीनशे वादकांच्या ताफ्याला ज्यावर पाऊल टाकायचं तो हाच सुर्दो.

फोटोवाल्यांना माझा प्रश्न: रिंगणात मधोमध जाऊन फोटो काढायचा तर नाचणारीची जागा अडते, बाहेरून काढला तर पाठीच दिसतात. मग काढतात कसा?


अंधारखोली

@ढोलकीबाज, रिंगणाचाच एक भाग होऊन. गोलात उभं राहायचं, टाळ्या द्यायच्या, नाचणारी समोर आली की एक-दोन फ्रेम घ्यायच्या, पुन्हा टाळ्या. वाइड लेन्स. पलीकडच्या बाजूचे चेहरे पार्श्वभूमीला मिळतात, तुमच्या बाजूच्या पाठी नको तेवढ्या येत नाहीत. चक्कर मारत फिरलात तर लोक वैतागतात आणि ठेकाही तुटतो.


मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय, त्यामुळे थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

पोर्तुगीज राज्याचे आम्ही एक टोक, बाहिया दुसरं. गोव्याहून लिस्बनला परतणारी गलबतं वाटेत साल्वादोरला थांबत. आंबा आणि फणस तिकडे गेले, काजू इकडे आला. पिशिंगिन्या ज्या आंब्याखाली बसलाय ते झाड आमचंच म्हणायचं! रिओचा मोमो राजा आमच्या कार्निव्हलातही असतो.

पण या व्यापाराची दुसरी बाजूही मांडायला हवी. दीव-दमणच्या बंदरांतून गुजराती विणकरांचं सुती कापड मोझांबिकला जायचं. तिथे त्या कापडाच्या बदल्यात हस्तिदंत आणि माणसं घेतली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा गुलामांचा व्यापार बंद पाडायला घेतल्यावर रिओचे व्यापारी मोझांबिककडे जास्त वळले. म्हणजे रिओच्या वालोंगो धक्क्यावर उतरलेल्या कित्येकांची किंमत आपल्याकडच्या मागावर विणलेली होती. हा धक्का २०११मध्ये बंदराच्या कामात खणताना पुन्हा सापडला आणि २०१७मध्ये जागतिक वारसा ठरला. आफ्रिकी गुलाम गोव्यातही आणले जात. पळालेल्यांचे वंशज सिद्दी आजही हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहतात आणि ढोल वाजवतात. त्यांचे फोटो काढायला हल्ली शहरातून पुष्कळ जण जातात. पिंपळपारांचे प्रश्न त्यांनी स्वतःला विचारून बघावेत.


न्यूजर्सीकर

गांधीजींचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही?

साल्वादोरच्या गोदी कामगारांनी फेब्रुवारी १९४९मध्ये, म्हणजे गांधीहत्येला वर्ष होतं न होतं तेव्हा, कार्निव्हलसाठी एक पथक काढलं: 'फिल्योस दि गांधी', गांधींची लेकरं. पांढऱ्या चादरी अंगावर, डोक्याला टॉवेल गुंडाळून फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. माळा गांधीजींच्या नव्हेत. पांढरा ओशालाचा, निळा ओगुनचा. ओगुन लोखंडाचा आणि युद्धाचा देव. अहिंसेच्या पथकात युद्धाचा देव, पण तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. ठेका इजेशा, म्हणजे कांदोंब्लेच्या (ओरिशांना भजणाऱ्या पंथाच्या) देवघरातलाच, रस्त्यावर आणलेला. काळ्या कामगारांचा जमाव पोलिसांना नेहमीच खुपायचा, पण शांततेच्या नावाने पांढरे कपडे घालून चाललेल्यांना अडवणार कसं?

आता हजारो पुरुष असतात (बायका नाहीत, त्यावरून टीकाही होते). हातात लव्हेंडरच्या अत्तराची बाटली, लोकांवर शिंपडत जातात. गळ्यातली माळ मुलींना देतात आणि बदल्यात पापा मागतात. बापूंनी काय म्हटलं असतं देव जाणे. वरून काढलेला पांढऱ्या फेट्यांचा फोटो दरवर्षी छापून येतो. मला मात्र जवळून काढलेले आवडतात, टॉवेलला सुई-दोऱ्याने घातलेली टीप दिसते असे.


शंकेखोर

हे मस्त. पण मेदेरोसचं राहिलं की. पिंपळपार, लिहिणार होतात ना?


पिंपळपार

लिहितो. 'ओ क्रुझेरो' हे तेव्हाचं ब्राझीलमधलं सगळ्यात खपाचं सचित्र साप्ताहिक. व्हेर्जेही त्यासाठी काम करायचा. मे १९५१मध्ये फ्रेंच दिग्दर्शक क्लुझो याने 'पारी माच'मध्ये बाहियाच्या कांदोंब्लेवर सनसनाटी मजकूर आणि फोटो छापले. परक्याने बाजी मारली म्हणून 'ओ क्रुझेरो'ने आपला जोझे मेदेरोस पाठवला. त्याला साल्वादोरबाहेरच्या एका देवघरात दीक्षाविधीला प्रवेश मिळाला. कोंडून घेऊन होणारा विधी. मुंडण, डोक्यावर बारीक छेद, बळीचं रक्त, त्यावर चिकटवलेली पिसं. १५ सप्टेंबर १९५१च्या अंकात अडतीस फोटो आले. मथळाच 'रक्तपिपासू देवांच्या नवऱ्या' अशा थाटाचा. बाहियात प्रचंड खळबळ. प्रवेश देणाऱ्या त्या पुजारीणबाईंना त्यांच्याच लोकांनी बोल लावला. फोटोग्राफर रिओला परतला, त्याचं नाव झालं. १९५७मध्ये तेच फोटो 'कांदोंब्ले' नावाच्या पुस्तकात आले, या वेळी भडक मथळ्याविना.

आता गंमत अशी की फोटो म्हणून ते उत्तम आहेत. मेदेरोस आडदांड नव्हता, उजेड समजणारा माणूस होता. तरी मला वाटतं, ते त्या वेळी छापायला नको होते. तेव्हा बाहियात कांदोंब्लेला पोलिसांचा परवाना लागायचा आणि तो १९७६पर्यंत लागत राहिला. रिओच्या पोलिसांनी छाप्यांत जप्त केलेल्या पूजेच्या वस्तू तर २०२०मध्ये पोलिसांच्या संग्रहातून रिपब्लिक संग्रहालयात आल्या. अशा वातावरणात 'रक्तपिपासू' म्हणून छापणं म्हणजे पोलिसांच्या हातात कोलीत.


अंधारखोली

इथे थोडा असहमत. व्हेर्जेनेही बळीचे, अंगात आल्याचे, दीक्षेचे फोटो काढले आणि १९५४मध्ये पॅरिसमध्ये पुस्तकात छापले. त्याच्यावर कुणी तुटून पडलं नाही. कारण तो १९५३मध्ये आफ्रिकेत केतूला जाऊन इफाची (तिथल्या शकुनविद्येची) दीक्षा घेऊन 'फातुंबी' झाला होता, आतला झाला होता. मग नियम काय? आतल्याने काढलं तर चालतं? आणि फ्रेंच माणूस आतला कधी होतो?


उंबरठ्याबाहेर

नियम फोटोग्राफरने ठरवायचाच नाही, असं मला वाटतं. देवघराची जी कोणी प्रमुख असेल ती ठरवेल. व्हेर्जेचे बाहियातल्या मोठ्या पुजारिणींशी वर्षानुवर्षांचे संबंध होते. त्या अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे निरोप त्याच्यामार्फत पाठवायच्या. मेदेरोसला काही दिवसांत रीळ भरून परतायचं होतं. फरक दीक्षेचा कमी, मुक्कामाचा जास्त. आणि साप्ताहिकाच्या मथळ्याचा. फोटो कुठे छापला जातो तेही धरा.

@पिंपळपार, हल्लीचे लोक? सगळे जुनेच आलेत.


पिंपळपार

हल्लीचे भरपूर आहेत. रिओचे जानुआरिओ गार्सिया २०२१मध्ये कोविडने गेले. त्यांनी काळ्यांच्या चळवळीचे मोर्चे, सभा, संगीतकार असं सगळं टिपून ठेवलं. ब्राझीलशिवाय काळ्यांचा इतिहास असू शकतो, पण काळ्यांशिवाय ब्राझीलचा इतिहास नाही, असं ते म्हणायचे. मिनास जेराइसचे एउस्ताकिओ नेवेस शिक्षणाने रसायनवाले. निगेटिव्ह खरवडतात, त्यावर रसायनं ओततात, थरावर थर चढवतात. अंधारखोलींना नक्की आवडतील.

साल्वादोरमध्ये १९९०मध्ये लाझारो रोबेर्तो आणि साथीदारांनी 'झुम्वी' नावाचा संग्रह सुरू केला, वस्तीतल्याच काळ्या फोटोग्राफरांचा. मोर्चे, बाजार, इले आइये या कार्निव्हलच्या पथकाची मिरवणूक. हे पथक १९७५मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर उतरलं तेव्हा तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने त्यालाच वंशवादी ठरवलं होतं, कारण त्यात फक्त काळे होते. बाकीच्या पथकांत फक्त गोरे, ते चालायचं. रिओच्या मारे झोपडवस्तीत २००४मध्ये 'इमाजेन्स दु पोव्हु' नावाची फोटोग्राफीची शाळा सुरू झाली, वस्तीतल्या मुलामुलींसाठी.


शंकेखोर

फिर्मोच्या खुर्चीबाबत माझं मत अजून तेच आहे, पण मेदेरोसच्या बाबतीत तुमच्याकडे झुकतो. आता एक सांगा, हे सगळं घरबसल्या बघायचं कुठे? पोर्तुगीज शून्य.


अंधारखोली

'ब्राझिलियाना फोटोग्राफिका' हे संकेतस्थळ आहे, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आणि मोरेरा सालेस संस्थेने मिळून २०१५पासून चालवलेलं. एकोणिसाव्या शतकातलं मोठ्या आकारात बघता येतं. फिर्मो, मेदेरोस मोरेरा सालेसच्या स्वतःच्या साइटवर. व्हेर्जेच्या नावाची संस्था त्याच्या साल्वादोरच्या घरातच आहे, तिची साइट वेगळी. भाषा येत नसली तरी अडत नाही, फोटोग्राफरचं नाव रोमन लिपीत टाका. मिलितांवची पोर्ट्रेट्स उघडलीत तर झूम करून छत्र्या बघा, एकच छत्री वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात सापडते का ते मी शोधतोय.


ढोलकीबाज

ताटली मिळाली. क्रोकरीच्या दुकानात वाजवून घेतली, दुकानदार बघतच राहिला.